इंजिन चौथऱ्यावर उभे आहे, पण रेल्वे कुठे गेली?

जुने इंजिन रंगवून स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केले की वारसा जपला, असा आपल्याकडे समज आहे. नेरळला माथेरानच्या गाडीचे वाफेचे इंजिन असेच उभे आहे आणि देशभर कितीतरी स्थानकांच्या आवारात त्याची भावंडे दिसतात. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. भंगारात जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण इंजिन म्हणजे काही रेल्वे नव्हे. वेळापत्रक, सांधे, सिग्नल, केबिनमधला माणूस, मालधक्क्यावर उतरणारी पोती, फलाटाच्या टोकाची पाण्याची टाकी, फाटकाशी खोळंबलेल्या बैलगाड्या आणि या सगळ्यांचा एकमेकांशी बसलेला मेळ म्हणजे रेल्वे. गाडी बंद पडते तेव्हा पहिल्यांदा मोडतो तो हा मेळ, आणि तो चौथऱ्यावर चढवता येत नाही. तो टिपून ठेवण्याची एक रीत जगात शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. हौशी मंडळी क्लब काढतात, एखाद्या खऱ्या ठिकाणाची छोटी रेल्वे वर्षानुवर्षे खपून बांधतात आणि प्रदर्शनांतून ती लोकांपुढे चालवून दाखवतात. आपण याकडे मोठ्या माणसांचा पोरखेळ म्हणून पाहतो. माझ्या मते स्थानिक इतिहास लिहिण्याची ती एक कसोशीची पद्धत आहे, काही बाबतींत पुस्तकापेक्षाही कडक. महाराष्ट्राने ती हाती घ्यायला आधीच फार उशीर केला आहे.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ कॅलशॉट स्ट्रीटवर ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ या संस्थेची स्वतःची वास्तू आहे. क्लब १९१० सालचा. त्याच्या सभासदांनी गेली सुमारे चार दशके एकाच लेआउटवर, म्हणजे छोट्या रेल्वेच्या एकाच मांडणीवर, काम चालवले आहे, त्याचे नाव ‘कोपनहेगन फील्ड्स’. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचा परिसर, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो जसा होता तसा, एका फुटाला दोन मिलिमीटर या प्रमाणात, म्हणजे १:१५२. या प्रमाणात सहा फुटी माणूस जेमतेम बारा मिलिमीटर उंच होतो. पाहणाऱ्याच्या नजरेला खोली जाणवावी म्हणून मागे मागे जाताना घरांचे प्रमाण आणखी लहान करत नेले आहे. रुळांचे जाळे आहेच, पण डोळा अडकतो तो भोवतालच्या वस्तीत: विटांच्या घरांच्या ओळी, त्यांची परसे, धुराडी आणि कॅलेडोनियन मार्केटचा घड्याळाचा मनोरा. हा मनोरा आजही जागेवर उभा आहे. ज्या बाजारासाठी तो बांधला, तो गुरांचा बाजार मात्र गेला. मनोरा पाहून बाजार समजत नाही आणि इंजिन पाहून रेल्वे समजत नाही, हे लंडनच्या या हौशी लोकांना उमगले. म्हणून त्यांनी उरलेली एक वस्तू जपण्यावर समाधान न मानता आख्खा परिसर पुन्हा उभा करायला घेतला. तो अजून पूर्ण झालेला नाही आणि त्याची कुणाला घाईही दिसत नाही.

यात इतिहास कुठे आला, असे कुणी विचारेल. तो येतो तो प्रश्नांतून. लेखकाला जे माहीत नाही त्याला वळसा घालून जाता येते. ‘कुर्डुवाडीला माल ब्रॉडगेजवरून नॅरोगेजवर चढवला जाई’ हे एक वाक्य लिहिले की लेखक सुटला. तोच प्रसंग कुणी प्रतिकृतीत दाखवायचा म्हटला तर त्याच वाक्यातून डझनभर प्रश्न बाहेर पडतात. दोन्ही रूळ मालधक्क्याच्या एकाच बाजूला होते की दोन बाजूंना? मोठ्या वाघिणीचा तळ आणि छोट्या वाघिणीचा तळ यांच्या उंचीत किती फरक होता, आणि तो फरक हमाल फळी टाकून काढत की धक्काच दोन पातळ्यांचा होता? कापसाच्या गाठी कुठे रचत? पाऊस आला तर त्या झाकायला काय होते? रिकाम्या वाघिणी मागे ढकलायला इंजिन कुठून येई, आणि त्या वेळी प्रवासी गाडी फलाटावर असली तर काय करत? यातला एकही प्रश्न टाळता येत नाही, कारण टाळला की लाकडी फळीवर तेवढी जागा मोकळी राहते आणि गाडी तिथे येऊन अडते. कागदावर खपून जाणारे अज्ञान रुळांवर उघडे पडते.

शिवाय जुन्या छायाचित्रांना एक खोड असते. ती पूल, उद्घाटन, साहेब आणि हार घातलेले इंजिन यांची असतात. कोळशाचा ढीग कुठे पडत असे, केबिनचा मागचा जिना कसा होता, गँगमनच्या चाळीत पाण्याचा नळ कोणत्या कोपऱ्यात होता, याचे फोटो कोणी काढले नाहीत. मग लेआउट बांधणाऱ्याला नकाशे धुंडाळावे लागतात, कारखान्याचे आराखडे मिळवावे लागतात आणि निवृत्त खलाशाच्या दारात जाऊन बसावे लागते. या धडपडीतून जी माहिती जमते ती अनेकदा प्रतिकृतीपेक्षा मोलाची ठरते. ब्रिटनमधल्या छोट्या, बंद पडलेल्या शाखामार्गांचा बराचसा तपशील आज उपलब्ध आहे, तो अशा मंडळींनी वाघिणींच्या लांबी-रुंदीपासून फलकांच्या रंगापर्यंत सगळे मोजून, टिपून, आपापल्या मासिकांतून छापून ठेवला म्हणून. विद्यापीठांना त्यात रस नव्हता.

अर्थात प्रतिकृती म्हणजे सत्याची हुबेहूब लहान आवृत्ती, असा दावा करण्यात अर्थ नाही. हिशेबच तसे करू देत नाही. कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. जगात सर्वाधिक चालणाऱ्या १:८७ या प्रमाणातही ते ४०० मीटर होते, आणि एवढे सभागृह कुठून आणणार? म्हणजे काय गाळायचे, काय ठेवायचे, दोन स्थानकांमधले माळरान किती हातांत उरकायचे, हे ठरवावे लागते. ही निवड इतिहासकारालाही करावीच लागते. फरक एवढाच की लेआउटवर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ब्रिटिश हौशी मंडळींत रुळांच्या रुंदीवरून कित्येक दशके चाललेला वाद या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तिथे लोकप्रिय असलेल्या ‘डबल ओ’ प्रकारात गाड्या एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात असतात, पण रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. हिशेब केला तर हे अंतर चार फूट दीड इंच होते. खरे असायला हवे चार फूट साडेआठ इंच. सात इंचांची ही चूक बाजारात मिळणाऱ्या खेळण्यांतून आली आणि तशीच रुजली. काहींनी ती सोयीसाठी पत्करली. काहींनी १८.२ मिलिमीटरवर तडजोड केली. उरलेल्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने, स्लीपरमागून स्लीपर जोडत घालायला घेतले. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. आपल्या कामात नेमके खोटे काय आहे हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत ठाऊक असणारे आणि ते चारचौघांत सांगणारे लोक इतर क्षेत्रांत शोधायला गेलो तर किती सापडतील?

आता प्रदर्शनाचे. घराच्या माळ्यावर एकट्याने बांधलेली रेल्वे आणि क्लबने सभागृहात मांडलेली रेल्वे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रदर्शनात लेआउट तुकड्यांनी येतो, टेम्पोतून उतरतो, सांधे जुळवले जातात, तारा जोडल्या जातात, आणि दार उघडले की दिवसभर गाडी चालती ठेवावी लागते. एका बाजूला प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला चालवणारे, मध्ये कमरेएवढ्या उंचीवर ते छोटे जग. देखाव्याच्या मागे, रंगभूमीच्या विंगेत असावे तसे, प्रेक्षकांना न दिसणारे यार्ड असते आणि गाड्या तिथून प्रवेश घेतात. जाणकार क्लब गाड्या मन मानेल तशा फिरवत नाहीत. एका टोकाचा माणूस घंटीचे ठोके देऊन पुढच्याला गाडीची वर्दी देतो. ब्रिटिश पद्धतीत जलद प्रवासी गाडीसाठी चार ठोके. समोरच्याने तेवढेच ठोके परत दिले की मार्ग मोकळा, मग सिग्नल पडतो आणि मगच गाडी सुटते. मालगाडीचे शंटिंग करताना चालवणारा हातात बारीक विजेरी आणि तारेचा आकडा घेऊन वाकतो आणि तीन कड्यांची नखाएवढी साखळी एका वाघिणीच्या आकड्यातून काढून दुसरीच्या आकड्यात अडकवतो. कधी साखळी लागत नाही, दोनदा, तीनदा निसटते, आणि पाहणारे श्वास रोखून उभे राहतात. वाघिणीतला कोळसा बहुधा खराच असतो, कुटून चाळलेला. वाघीण जोडायला माणसाचा हात आणि वेळ लागतो ही साधी गोष्ट संग्रहालयातल्या थंड इंजिनापुढे उभे राहून कधीच कळत नाही.

पण प्रदर्शनाचे खरे मोल याहून वेगळे आहे. तिथे काम तपासले जाते. त्या स्थानकावर आयुष्य काढलेला एखादा म्हातारा गर्दीत उभा असतो, दहा मिनिटे काही बोलत नाही आणि मग सांगतो की हा सिग्नल पलीकडच्या बाजूला होता, कारण वळणामुळे ड्रायव्हरला तो इकडून दिसला नसता. विद्वानाच्या पुस्तकाची परीक्षा दुसरा विद्वान करतो, आणि तीही कुणी वाचली तर. इथे परीक्षक म्हणून तिकीट काढून आलेला पॉइंट्समन, गार्ड, स्टेशनमास्तराची मुलगी, रुळांपलीकडे राहिलेला शेजारी असे कोणीही असते. पुढच्या प्रदर्शनापर्यंत सिग्नल हलवता येतो. छापलेले पुस्तक इतक्या सहजी दुरुस्त होत नाही. ज्यांनी रेल्वे चालवली पण तिच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही, अशा माणसांना आपली साक्ष द्यायला जागा मिळते ती अशी.

हे सगळे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून क्लबचा आग्रह. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातली गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलताना, पडताना पाहून तो अस्वस्थ झाला आणि ती मोजून, टिपून, पुठ्ठा कोरून, जलरंगांनी रंगवून त्यांच्या प्रतिकृती करू लागला. एका घराला किती काळ लागत असेल याचा अंदाज आपण करावा. त्याच्या लवकर लक्षात आले की एका आयुष्यात हे होणार नाही. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन संग्रहालयाचा आरंभ झाला, स्वयंसेवक जमले, आणि १९९५ मध्ये इंग्लंड यांचे निधन झाल्यावरही त्या खोऱ्याचे काम पुढे चालू राहिले. जॉन अहर्न यांचा ‘मॅडर व्हॅली’ हा गाजलेला लेआउट तर पूर्णपणे एका माणसाचा. आज तो पाहायला मिळतो, कारण ते वारल्यावर पेंडनने तो सांभाळला. एकट्याची हौस त्याच्याबरोबर संपते. वारसांना ती अडगळ वाटते आणि घर बदलताना पहिली विल्हेवाट तिचीच लागते. क्लबमध्ये सुतार असतो, विजेचे काम जाणणारा असतो, जुन्या कागदांत रमणारा असतो, झाडेच करणारा असतो आणि हिशेब ठेवणाराही असतो. एक गेला तर दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो.

पहिला आक्षेप हमखास येतो: संगणकाच्या जमान्यात पुठ्ठ्याची घरे कशाला? पडद्यावर अख्खा घाट उभा करता येतो, ३५ किलोमीटरचे ४०० मीटर करण्याची भानगड नाही. यात तथ्य आहे. अंतराच्या बाबतीत संगणक निःसंशय सरस आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असे मानणाऱ्यांना संगणकाचाच इतिहास ठाऊक नसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन केला. त्यातल्या एका गटाला गाड्यांपेक्षा फळीखालच्या तारांचे आणि टेलिफोन केंद्रातून आणलेल्या रिलेंचे वेड होते. एकाच वेळी अनेक गाड्या अनेक मार्गांवर चालवायच्या तर सांध्यांचे नियंत्रण कसे करायचे, हा त्यांचा प्रश्न. हीच मुले पुढे संस्थेतल्या सुरुवातीच्या संगणकांवर जाऊन बसली. १९६२ मधला ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरच्या पहिल्या खेळांपैकी एक. तो प्रामुख्याने ज्याने लिहिला तो स्टीव्ह रसेल या क्लबचाच. ‘हॅक’ हा शब्द आज ज्या अर्थाने जगभर वापरतात तो अर्थही याच क्लबच्या बोलीतून पसरला. तेव्हा छोट्या रेल्वेला संगणकापुढे ओशाळण्याचे काहीच कारण नाही. पडद्यावरच्या रेल्वेची अडचण दुसरीच आहे. ती पाहायला माणूस एकटा बसतो, आणि त्याच्या शेजारी चूक दाखवणारा म्हातारा उभा नसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. छोटी रेल्वे नेहमी गोड दिसते. तिच्यात ऊन पडलेले असते, घरे नीटनेटकी असतात, माणसे हात हलवत थबकलेली असतात. भूतकाळ असा नव्हता. बोरघाटाचेच पाहा. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. चढ ३७ ला १, आणि खंडाळ्याजवळ गाडी थांबून उलट्या दिशेने निघे, असे ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ १९२९ पर्यंत वापरात होते. लेआउट बांधणाऱ्याला याहून मोहक विषय मिळणार नाही. पण तो मार्ग खोदताना कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगांनी आणि दरीत कोसळून हजारो मजूर मेले, त्यांचे काय? ते १:८७ प्रमाणात कसे दाखवणार? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. प्रतिकृती एका क्षणाची असते. त्या क्षणापर्यंत पोचायला काय मोजावे लागले हे ती सांगू शकत नाही, ते शेजारच्या फलकावर लिहावे लागेल. एवढे मात्र म्हणता येते की गोडवा हा माध्यमाचा गुण नाही, बांधणाऱ्याच्या निवडीचा आहे. १९२९ चा झोकदार डबा करायचा की १८६१ ची, अर्धवट खोदलेल्या बोगद्याच्या तोंडाशी पडलेली मजुरांची वस्ती, हे क्लबने ठरवायचे. दुसरी निवड आजवर फारशी कोणी केलेली नसली, तर करायला वाव आहे एवढाच त्याचा अर्थ.

छंद म्हाताऱ्यांचा आहे, महागही आहे, आणि जिथे जन्मला तिथेच मरणपंथाला लागला आहे, असेही म्हटले जाते. वॉर्ली क्लब बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरवत असलेले ब्रिटनमधले मोठे प्रदर्शन २०२३ नंतर बंद झाले, आणि त्यामागे प्रेक्षक आटल्यापेक्षा आयोजनाचा भार उचलणारी माणसे कमी पडल्याचे कारण होते. वय वाढलेल्या संस्थांचे हे दुखणे आपल्या ग्रंथालयांना आणि नाट्यसंस्थांनाही नवे नाही. खर्चाचा मुद्दा मात्र अर्धाच खरा. परदेशी इंजिने विकत घ्यायची तर खिसा रिकामा होतो. पण घरे पुठ्ठ्याची होतात, डोंगर प्लास्टर ऑफ पॅरिसचे होतात, आणि लेझर कटर व थ्रीडी प्रिंटर आता आपल्याकडच्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. बहुतेक खर्च वेळेचा आहे, आणि तो सभासदांत वाटला जातो.

आता ज्या उदाहरणासाठी हे सगळे मांडायचे ते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि मग हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, हे कॅलथ्रॉप यांचे सूत्र इथे सिद्ध झाले. आषाढी-कार्तिकीला या गाडीला लोटणारी गर्दी, बार्शी-लातूरच्या पेठांचा माल, दुष्काळी मुलखाला मिळालेले बाहेरचे दार, हे सगळे या रुळांवरून आले-गेले. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे रुंदीकरण झाले आणि छोटी गाडी गेली. रुंदीकरण हवेच होते, त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. पण याच कॅलथ्रॉप यांनी बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ ही तशीच ७६२ मिलिमीटरची रेल्वे उभारली. जेमतेम तेरा किलोमीटर लांब. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये तोट्यात जाऊन बंद पडली, आणि आज तिच्या मार्गावर लोक पायी आणि सायकलने फिरतात. तीस वर्षे चाललेल्या या चिमुकल्या रेल्वेची इंजिने, तिचे फिक्या पिवळ्या रंगाचे डबे, मोठ्या मापाच्या वाघिणी पाठीवर घेणाऱ्या तिच्या खास गाड्या यांवर तिथली हौशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. शंभरावर वर्षे चाललेल्या, पंचवीसपट लांब बार्शी लाइटच्या वाट्याला या आस्थेच्या पासंगालाही पुरेल एवढे काही आलेले नाही.

गंमत अशी की तांत्रिकदृष्ट्या बार्शी लाइट बांधणे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा सोपे आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ प्रमाणात ती १९ मिलिमीटरहून थोडी अधिक होते, आणि बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. म्हणजे राजधानी एक्स्प्रेस केली तरी ती परक्या गेजवर उभी राहते. ७६२ मिलिमीटर याच प्रमाणात पावणेनऊ होते, आणि सर्वत्र मिळणारे ‘एन’ प्रकारचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. ब्रिटिशांना जी सात इंचांची चूक तीन पिढ्या छळते आहे, ती आपल्याला या छोट्या गाडीपुरती करावीच लागणार नाही.

क्लब, वर्गणी, ठरलेल्या दिवसापर्यंत काम पुरे करण्याची जिद्द, आणि केलेले लोकांना फुकट दाखवण्याची हौस हे मराठी माणसाला शिकवावे लागेल असे कोण म्हणेल? गणेशोत्सवातले हलते देखावे उभारणाऱ्या मंडळांकडे यांत्रिकी, सुतारकाम, रंगकाम आणि रात्र-रात्र जागणारे कार्यकर्ते हे सगळे आहे. दिवाळीत अंगणात किल्ले करणारी मुले आता खऱ्या किल्ल्याचा नकाशा समोर ठेवून बुरूज आणि दरवाजे जागच्या जागी बसवू लागली आहेत. कमी आहे ती फक्त टिकवण्याची सवय. अनंत चतुर्दशीनंतर देखावा मोडला जातो, आणि पुढच्या वर्षी नवा विषय. छोट्या रेल्वेचे उदाहरणही घरात आहे: पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी कुटुंबाचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय लोकांसाठी खुले आहे, आणि भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून झालेले ते काम कारागिरीत कुठेही कमी नाही. ते शहर मात्र काल्पनिक आहे, आणि मागे आहे ते एका घराचे बळ. आता खऱ्या ठिकाणाचे, अनेक हातांचे काम हवे.

सुरुवात लहान करता येईल. आख्खी बार्शी लाइट नको. फक्त कुर्डुवाडीचे यार्ड, मोठ्या गाडीचा माल छोटीत चढवण्याची ती जागा, एखाद्या ठरावीक वर्षातली. सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने एक खोली द्यावी. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना आजही आहे. तिथे आणि सोलापूर विभागाच्या कार्यालयात जे जुने आराखडे असतील त्यांच्या प्रती रेल्वेने अशा मंडळाला द्याव्यात, त्यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही. कुर्डुवाडी-लातूर मार्गावरची छोटी गाडी थांबली त्या सुमारास, म्हणजे २००८ च्या आगेमागे निवृत्त झालेला खलाशी, गार्ड किंवा पॉइंट्समन आज पंचाहत्तरीच्या पुढे गेला आहे. लाकूड, रूळ, प्रिंटर हे सगळे पाच वर्षांनीही मिळेल. या माणसांची साक्ष पाच वर्षांनी मिळेलच असे नाही. ज्यांच्या घरी बार्शी लाइटवर नोकरी केलेले कोणी असेल, त्यांनी त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवावा आणि यार्डाचा नकाशा काढून घ्यावा. क्लब नंतर निघाला तरी चालेल.